पेडल वापरणाऱ्या वादकांची पादत्राणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पियानो, ऑर्गन, ड्रम, हार्प किंवा गिटारचे इफेक्ट पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायानं दाबायची उपकरणं) वापरणाऱ्यांना बुटांबद्दल सल्ला मिळतो तो बहुधा एवढाच: "आरामदायी काहीतरी घाला." पण तासभर चालताना आराम देणारा बूट पेडलवर तासभर आराम देईलच असं नाही. चालताना बुटानं हादरे सोसायचे असतात. पेडलवर मात्र पायाला खालची हालचाल कळू द्यायची असते. इथली बहुतेक उत्तरं या फरकातूनच निघाली आहेत.

माझे रनिंग शूज इतके मऊ आहेत, तरी पेडलवर ते नकोसे का होतात?

मऊ आहेत म्हणूनच. जाड फोमचा तळ दाबला की आधी फोम दबतो आणि मग पेडल हलतं. पाय उचलतानाही आधी फोम फुगतो, मग पेडल सुटतं. पियानोवर अर्धं पेडल धरायचं, म्हणजे डॅम्पर (तारांचा आवाज थांबवणारे नमद्याचे ठोकळे) तारांना जेमतेम टेकलेले ठेवायचे, तर हा सगळा खेळ काही मिलिमीटरांचा असतो. तेवढं अंतर फोमच गिळून टाकतो. हातमोजे घालून सुईत दोरा ओवण्यासारखं आहे ते.

आणखी दोन अडचणी सहसा लक्षात येत नाहीत. बऱ्याच रनिंग शूजचा पुढचा भाग वर वळलेला असतो. त्यामुळे चवडा पेडलवर नीट टेकत नाही आणि तो टेकवायला बोटं सतत खाली दाबून धरावी लागतात. शिवाय टाचेचा तळ मागे आणि बाजूंना पसरट असतो. टाच जमिनीवर ठेवून पाऊल थोडं वळवायचं म्हटलं की ती कड जमिनीला अडते आणि वळण गुडघ्यावर येतं. पियानोवादकाचा गुडघा दुखायला लागला, की मी बुटाची टाच आधी बघते.

मग बूट निवडताना नेमकं काय बघायचं?

पहिली टाच. ती जमिनीवर एका जागी स्थिर राहायला हवी, डुगडुगता कामा नये. दुसरा चवडा. बूट बरोबर चवड्यापाशी सहज वाकला पाहिजे आणि तिथला तळ पातळ हवा. मधल्या कमानीखाली मात्र बूट थोडा ताठ असलेला बरा, कारण पेडलची कड काही वेळा तिथेच रुतते. तिसरी म्हणजे रुंदी, आणि ती दोन बाजूंनी बघायची. आत बोटांना पसरायला जागा हवी, पण बाहेर तळाची कड पावलापेक्षा फार पुढे आलेली नको. बाहेर आलेली कड शेजारच्या पेडलला लागते.

रंग आणि चामडं की कापड, हे प्रश्न त्यानंतरचे.

तळ पुरेसा पातळ आहे हे कसं ओळखायचं?

बूट घालून जमिनीवर ठेवलेल्या पेन्सिलीवर चवडा ठेवा आणि डोळे मिटा. पेन्सिल आडवी आहे की तिरकी हे सांगता आलं, तर तळ ठीक आहे. नुसतं "खाली काहीतरी आहे" एवढंच कळत असेल, तर तो बूट रस्त्यासाठी ठेवा.

उलट टोकही टाळावं. कागदासारख्या पातळ तळाच्या बुटात हार्पचं किंवा ड्रमच्या जड किक पेडलचं (मोठा ड्रम पायानं वाजवायच्या पेडलचं) दडपण थेट चवड्याच्या हाडांवर येतं आणि लांबलचक तालमीनंतर तळवा ठणकतो. ज्यांच्या चवड्याखालची चरबीची गादी वयामुळे झिजली आहे, त्यांना हे लवकर जाणवतं. त्यांनी थोडा जाड पण घट्ट, न दबणारा तळ घ्यावा. जाडी पायाला सहन होते. पेडलची खबर अडते ती लिबलिबीतपणामुळे.

टाचेची उंची किती असावी?

यावर एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. उत्तर पेडल जमिनीपासून किती वर आहे यावर ठरतं.

पियानोवर टाच जमिनीवर असते आणि चवडा पेडलवर, म्हणजे टाचेपेक्षा वर. अगदी सपाट बूट घातला, तर घोट्यापाशी पाऊल बरंच वर मोडावं लागतं. पाऊल वर उचलून धरणारा स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूला असतो. पेडल सोडताना आणि हलकं धरताना तोच राबतो, आणि म्हणून रग लागते ती पोटरीला नाही, नडगीला. बुटाला थोडी टाच असली की पावलाचा हा चढ कमी होतो. माझ्या मते बहुतेक पियानोवादकांना एक ते अडीच सेंटीमीटरची, रुंद बुडाची टाच सोयीची पडते. घोटा ताठ असेल किंवा पोटरीचे स्नायू आखडलेले असतील, तर हा फरक आणखी जाणवतो.

टाच त्याहून बरीच वाढवली की गणित उलटं होतं. पाऊल आधीच खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पेडल दाबायला घोट्याकडे हालचालच उरत नाही. मग वादक नकळत अख्खा पाय मांडीपासून उचलून दाबू लागतो. तसं केलं की पेडल सुटताना ठक्कन आवाज येतो आणि कंबरही लवकर दुखते.

कार्यक्रमात उंच टाचांचे बूट घालायचेच असतील तर?

घालता येतात, पण सुईसारख्या टाचेचे नकोत. पेडल चालवताना टाच हा सगळ्या हालचालीचा आस असतो. तो बोटाच्या पेराएवढ्या बुडावर उभा राहिला, तर प्रत्येक दाबाला घोटा बाजूला हेलकावतो. ठोकळ्यासारखी रुंद टाच त्यातल्या त्यात बरी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच बुटांत सराव करा, आणि तोही आदल्या रात्री एकदा नव्हे. टाचेची उंची बदलली की गुडघ्याची उंची बदलते, मांडीचा कोन बदलतो आणि बैठकही थोडी मागेपुढे करावी लागते. हे सगळं हातांना आणि कानांना कळायला वेळ द्यावा लागतो. बरेच जण मंचावर प्रवेश करण्यापुरते एक बूट घालतात आणि वाद्यापाशी दुसरे ठेवतात. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

अनवाणी वाजवलं तर?

अनेक चांगले वादक अनवाणी वाजवतात. पियानोवादक ॲलिस सारा ऑट मंचावर अनवाणी बसण्यासाठी ओळखल्या जातात, आणि अनवाणी ड्रमर तर कितीतरी आहेत. पेडलची इतकी स्पष्ट जाणीव कुठलाच बूट देत नाही.

पण काही गोष्टी बघाव्या लागतात. घामेजलेला तळवा पितळी पेडलवर घसरतो. ड्रमच्या किक पेडलच्या कडा, स्क्रू आणि साखळी यांपासून बोटांना कसलंच संरक्षण नसतं. गिटारचं पायबटण अनवाणी तळव्यानं शंभरदा दाबलं, तर त्याच जागी दुखतं. आणि मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी वाजवू नये. लहानशी जखम त्यांना कळत नाही आणि ती चिघळू शकते. उघड्या मैदानातल्या ओल्या मंचावर विजेची वाद्यं असतील, तर कोरडे रबरी तळाचे बूट सगळ्यांनीच घालावेत.

नुसत्या मोज्यांवर वाजवण्याबद्दलही विचारलं जातं. गुळगुळीत पेडलवर मोजा निसटतो. खाली रबरी ठिपके असलेले मोजे घरच्या सरावाला चालतात, पण हळूहळू ताणून सैल होतात आणि मग आतल्या आत पाय फिरतो.

ड्रमर आहे. तळ घसरणारा हवा की पकड घेणारा?

तुम्ही पाय कसा चालवता त्यावर आहे. टाच खाली टेकवून वाजवत असाल, तर पियानोसारखंच घोट्याचं काम असतं. पातळ, वाकणारा तळ आणि बेताची पकड पुरते. टाच वर उचलून वाजवत असाल, तर मांडीचं वजन चवड्यावर येतं. तिथे पाय पेडलवरून पुढे सरकू नये एवढी पकड लागते आणि चवड्याखाली थोडा घट्ट आधार बरा वाटतो.

पण एका दमात दोन ठोके काढण्यासाठी पाऊल पेडलवर पुढे सरकवत असाल, किंवा टाच डावी-उजवीकडे फिरवून वेग काढत असाल, तर जास्त पकड हा अडथळाच आहे. रबर पेडलला चिकटतं आणि वळणाचा झटका गुडघा सोसतो. अशांनी गुळगुळीत, खाचा नसलेला तळ निवडावा. नक्षीदार तळाच्या खोल खाचा पेडलच्या पृष्ठभागावरच्या उंचवट्यांत अडकतात, ते वेगळंच.

कुस्तीचे, नाचाचे किंवा मोटार शर्यतीतले बूट ड्रमर का वापरतात, हे यावरून कळेल. तिघांचेही तळ पातळ असतात, पायाला बिलगून असतात आणि बाजूंना पसरलेले नसतात. घोट्यापर्यंत येणारा बूट घ्यायचा असेल, तर वरची नाडी सैल ठेवा. घोटा बांधला गेला तर वेग जातो.

दोन्ही पायांना सारखाच विचार लागू होतो. हाय-हॅटचा (पायानं उघडझाप करायच्या झांजांच्या जोडीचा) पाय दुर्लक्षिला जातो, पण अर्धवट उघडी हाय-हॅट धरून ठेवणं हे पियानोच्या अर्ध्या पेडलइतकंच नाजूक काम आहे.

ऑर्गनसाठी वेगळे बूट खरंच लागतात का?

पाईप ऑर्गन वाजवत असाल, तर हो. इथे पाय सूर वाजवतात. पेडलबोर्डवर साधारण ३० किंवा ३२ पट्ट्या असतात आणि त्या न बघता, चवड्यानं आणि टाचेनं आळीपाळीनं वाजवायच्या असतात. म्हणून ऑर्गनच्या बुटाला सुमारे तीन सेंटीमीटरची टाच असते, म्हणजे टाचेनं वाजवताना घोटा फार खाली न्यावा लागत नाही. तळ पातळ चामड्याचा किंवा स्वेडचा (लवदार, खरखरीत चामड्याचा) असतो, कारण पाय पट्टीवरून पट्टीवर सरकायला हवा, पण निसटता कामा नये. पुढचा भाग निमुळता असतो आणि तळाची कड बाहेर आलेली नसते. दोन काळ्या पट्ट्यांच्या मधून जायचं असतं. टाच आणि चवडा यांच्यामधला भाग ताठ असतो, तो कमानीला आधार देतो.

नवशिक्यांनी लगेच असे बूट घ्यायची घाई करू नये. चामडी तळाचे, थोड्या टाचेचे जुने बूट बरेच दिवस पुरतात. नाचाचे बूटही चालतात. मात्र जे काही वापराल, ते बाहेर घालू नका. तळाला चिकटलेला एक खडा पेडलबोर्डच्या लाकडावर कायमचा ओरखडा काढतो, आणि धुळीमुळे स्वेडची सरक बदलते. स्वेड गुळगुळीत झाला, की तारेच्या ब्रशनं हलकेच घासून त्याचे तंतू उभे करावेत.

गिटारच्या पेडलबोर्डवर (इफेक्ट पेडल मांडायच्या फळीवर) नेहमी दोन बटणं एकदम दाबली जातात. बुटाचा दोष आहे?

अर्धा बुटाचा, अर्धा मांडणीचा. जाड आणि रुंद नाकाच्या बुटात बोटं नेमकी कुठे संपतात हे पायाला कळत नाही. नाक थोडं निमुळतं असलेला, पातळ कडेचा बूट घालून बघा. पाऊल थोडं तिरकं करून बुटाच्या आतल्या कडेनं, अंगठ्याच्या मुळापाशी बटण दाबायची सवयही मदत करते. आणि कार्यक्रमाच्या बुटांतच पेडलबोर्ड मांडा; घरी चपला घालून ठरवलेली अंतरं मंचावरच्या बुटांना पुरत नाहीत.

वॉ-वॉ (पाऊल डोलवून सुराचा पोत बदलणारं) आणि व्हॉल्युम (आवाज कमी-जास्त करणारं) पेडल यांची गोष्ट निराळी. तिथे अख्खं पाऊल पेडलवर असतं आणि टाच ते चवडा असं डोलत असतं. बहुतेक वॉ-वॉ पेडल चालू-बंद करायला पुढचं टोक खाली जोरात दाबावं लागतं. फोमच्या तळानं तो टचकन लागणारा दाब कळत नाही आणि पेडल लागलं की नाही याचा अंदाज चुकतो. टाचेशी आणि चवड्याशी सारख्याच जाडीचा, सपाट तळ इथे सर्वांत चांगला.

गिटारवादकाच्या बाबतीत अजून एक: तो उभा असतो. एक पाय पेडलवर गेला, की सगळं वजन दुसऱ्या पायावर येतं. म्हणून फक्त पेडलच्या पायाचा विचार करून बूट घेऊ नका. उभं राहणाऱ्या पायाला कमानीचा आधार आणि टाचेची पक्की बैठक लागते. व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्यांनाही हेच लागू होतं; त्यांचा एक पाय तर अख्खा कार्यक्रम पेडलच्या दांडीवर असतो.

हार्प, टिम्पनी, पेडल स्टील यांच्यासाठी काही खास?

मोठ्या हार्पला ७ पेडल असतात, ३ डाव्या पायाला आणि ४ उजव्या. प्रत्येकाला तीन खाचा, म्हणजे कोमल, शुद्ध आणि तीव्र. पेडल खाली दाबून बाजूला सरकवत खाचेत बसवायचं असतं, आणि तेही आवाज न करता. टाच जमिनीवर आस धरून राहते आणि चवडा पेडलांवरून फिरतो. त्यामुळे पातळ तळ, छोटी रुंद टाच आणि बाजूनं गुळगुळीत असलेला बूट हवा. बकल किंवा मोठा फुलासारखा गुंडा असलेला बूट शेजारच्या पेडलला लागतो. चवड्याखालचा तळ फारच लवचीक असेल, तर पेडल खाचेत ढकलताना सगळा जोर बोटांवर येतो.

टिम्पनीच्या (स्वर बदलता येणाऱ्या मोठ्या नगाऱ्यांच्या) पेडलवर अख्खं पाऊल ठेवून टाच-चवड्यानं स्वर चढवायचा-उतरवायचा असतो, म्हणून व्हॉल्युम पेडलसारखाच सपाट तळ. पेडल स्टील गिटारवर (समोर आडवी ठेवून वाजवायच्या, पेडल असलेल्या गिटारवर) डावा पाय शेजारशेजारची दोन पेडल कधी एकत्र, कधी कडेवर कलून एकेक दाबतो. तिथे अरुंद आणि बाजूला सहज कलणारा बूट लागतो. गुडघ्यांनी चालवायच्या लिव्हरही असतात, त्यामुळे जाड तळानं गुडघा एकदोन सेंटीमीटर वर गेला तरी सगळी बैठक बिघडते.

पायपेटी वाजवताना पाय लवकर थकतात. कुठला बूट घालावा?

पायपेटीचे दोन्ही पेडल आळीपाळीनं सतत हलवावे लागतात, भात्यात हवा भरत राहण्यासाठी. इथे नाजूक जाणिवेपेक्षा दमसास महत्त्वाचा. हलका, टाचेनं घट्ट बसणारा बूट घाला. मागून उघडी चप्पल घातली, की ती निसटू नये म्हणून बोटं आकसून धरावी लागतात, आणि वादक थकतो तो त्या आकसण्यानं. पेडलवर पाऊल पूर्ण टेकवा. नुसत्या बोटांनी दाबाल तर पोटरीत गोळा येईल.

माझं पाऊल रुंद आहे. निमुळते बूट घातले की बोटांना मुंग्या येतात.

मग ते घालू नका, वाद्य कोणतंही असो. बोटं दाबली जातात तेव्हा चवड्याच्या हाडांमधून जाणाऱ्या नसांवर ताण येतो, आणि पेडलचा दाबही तिथेच पडतो. मुंग्या, चटका किंवा "बुटात खडा आहे" असं वाटणं वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

घरी एक साधी चाचणी करा. कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि तिच्यावर बूट ठेवा. रेषा बुटाच्या बाहेर दिसत असेल, तर तो बूट तुमचा नाही. बसून रेषा काढू नका, वजन पडल्यावर पाऊल पसरतं. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि कार्यक्रमही बहुधा त्याच वेळी असतात.

डॉक्टरांनी सांगितलेला इनसोल घातला की पेडल कळत नाही. काढून टाकू का?

स्वतःच्या मनानं काढू नका. ज्यांनी दिला त्यांना सांगा, की तुम्ही बसून पेडल वापरता. आधार बहुधा टाचेला आणि कमानीला हवा असतो, आणि चवड्याच्या अलीकडे संपणारा इनसोल बनवून घेता येतो. जाड इनसोल साध्या बुटात कोंबला तर पाऊल वर उचललं जातं आणि टाच निसटू लागते. त्याऐवजी आतली मूळ गादी काढता येईल असा बूट घ्या.

नाडी, वेल्क्रो की घालून चालू लागायचे बूट?

नाडी सर्वांत चांगली, कारण पाऊल सुजलं की सैल करता येते. फक्त गाठीची टोकं आत खोचा. किक पेडलच्या साखळीत अडकलेली नाडी गाणं थांबवते. लांब पायघोळ कपड्यांच्या काठाचंही तसंच.

ध्वनिमुद्रणात बुटांचा आवाज येतो.

क्रेप रबर पॉलिश केलेल्या लाकडावर चिरकतं, कडक चामडी टाच टकटकते. शांत संगीताच्या ध्वनिमुद्रणाला मऊ चामडी किंवा स्वेड तळ वापरा किंवा टाचेखाली छोटी सतरंजी घाला. तरीही ठक्क आवाज येत असेल, तर बुटाला दोष देण्याआधी पाय पेडलवरून पूर्ण उचलला जातो का ते बघा. चवडा पेडलला टेकलेलाच राहिला पाहिजे.

बूट बदलले तरी दुखणं थांबत नाही. आता?

मग बैठक बघा. स्टूल बुटका असेल तर गुडघा कंबरेच्या वर जातो आणि घोट्याला फार मोडावं लागतं. उंच असेल तर टाच जमिनीवर नीट विसावत नाही. स्टूल वाद्याच्या फार जवळ असेल तर पाय मागे ओढला जातो. ड्रमवर किक पेडल तुमच्या नडगीच्या सरळ रेषेत नसून तिरकं असेल, तर कुठलाच बूट घोट्याला वाचवणार नाही. कीबोर्डचं हलकं सस्टेन पेडल (सूर लांबवणारं पेडल) पुढे पळत असेल, तर पाय त्याच्या मागे लांबत जातो. त्याखाली रबरी चटई घाला. विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं, सूज आली किंवा रात्री झोपमोड झाली, तर बुटांचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा.

मुलांसाठी काय?

ज्या मुलाची टाच जमिनीला लागत नाही, त्याच्यासाठी बूट शोधण्यात अर्थ नाही. आधी पेडल वर आणणारं उपकरण आणि पावलाखाली पाट हवा. जाड तळाच्या बुटानं उंची भरून काढू नका. बूट "वाढत्या पायाचे" म्हणून दोन माप मोठे घेतले, तर पाऊल आत सरकतं आणि मूल बोटं आकसायला शिकतं. ती सवय नंतर सुटता सुटत नाही.

वाजवायचे बूट कधी बदलावेत?

दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून बघा. एक टाच आत किंवा बाहेर कललेली दिसली, तर पेडलवर घोटाही तसाच कलतो आहे. चवड्याखालचा तळ एका जागी खोलगट झाला, वाकण्याच्या जागी चीर पडली किंवा टाच आत हलू लागली, तरीही बदला. वाजवायचे बूट रस्त्यावर वापरले नाहीत तर ते खूप टिकतात. आणि नवे आणले की जुने लगेच टाकू नका. नव्या बुटांत सरावाची पहिली वीसएक मिनिटं वाजवा, मग जुने घाला, आणि दर खेपेला वेळ वाढवत न्या. जवळ कार्यक्रम असेल, तर तो जुन्यांतच करा.